नको असलेलं उत्तर

११ सप्टेंबर, बुधवार

खाली यंदा महालक्ष्म्या बसल्या नाहीत. वर्षाच्या आत सण नाही, आणि वर्षानंतर तरी कोण बसवणार. बारापात्रे काका सकाळी जिन्यात भेटले, हातात दुधाची पिशवी. आता अर्धा लिटरच घेतात.

"मंजू, तुह्या त्या मशीनीत ती आहे ना?"

ती म्हणजे काकू. म्हटलं, आहे ना.

"मंग ऐकव एखाद्या दिवशी. इतके दिवस हिंमत नाही झाली. आता ऐकीन म्हणतो."

उद्या आणते, मी म्हणाले. किती सहज म्हणाले.

काकूंना जाऊन तीन महिने झाले. मार्चमध्ये त्या माझ्यासमोर तासभर बोलल्या होत्या. ऑफिसमधल्या नव्या रेकॉर्डरची चाचणी घ्यायची होती, त्यासाठी सलग बोलणारं कोणीतरी हवं होतं, आणि काकूंपेक्षा सलग बोलणारं आमच्या गल्लीत कोणी नव्हतं. काकांना त्यांनी आधी घराबाहेर काढलं. "तुमी बडा फुहाऱ्याच्या बाजारात जा. अस्तराचं कापड आणा, मोतिया रंगाचं. घाईनं येऊ नका." ते गेल्यावर मला म्हणाल्या, "हे समोर असले की मले बोलता येत नाही. मी गेल्यावर ऐकव त्यायले."

मी हसले होते. माईक लावत होते.

१२ सप्टेंबर, गुरुवार

फाइल आहे. नाव बरोबर, तारीख बरोबर, ९ मार्च. आकार शून्य.

तीनदा पाहिलं. दुसऱ्या मशीनवरून पाहिलं. शून्यच.

मार्चनंतर एकदाही उघडून पाहिली नव्हती. चाचणी संपल्यावर पडद्यावर "जमा झाले" असं आलं होतं, तेवढ्यावर मी खूण केली आणि पुढच्या कामाला लागले. जूनमध्ये काकू गेल्यावर वाटलं, आता लगेच ऐकणं बरं नाही, काकांच्या आधी ऐकणं तर मुळीच नाही. तेव्हा तो मला माझा संयम वाटला होता.

संध्याकाळी मागच्या दाराने वर आले.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

कारण रश्मीने शोधलं. रश्मी तिवारी माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. वयाने दहा वर्षांनी लहान, जिभेने वीस वर्षांनी मोठी. तिने स्टोरेजच्या जुन्या नोंदी काढल्या.

"दीदी, उस हफ़्ते डिस्क फुल थी. नौ तारीख को भी."

म्हणजे ऑ.तल्या डिस्कवर जागाच नव्हती. ठीक. पण मग रेकॉर्डरच्या कार्डावरची मूळ फाइल कशी पुसली गेली? रेकॉर्डिंग उतरवून घेणारा प्रोग्राम आधी डिस्कवर लिहितो, मग फाइल बंद करतो, आणि सगळं ठीक झालं तरच कार्ड पुसतो. तो प्रोग्राम माझा आहे. सगळं ठीक झालं हे त्याला कोण सांगतं?

"आपका रैपर," रश्मी म्हणाली. नंतर म्हणाली, "चाय?"

१४ सप्टेंबर, शनिवार

सुट्टीच्या दिवशी ऑ.त गेले. जुना कोड वाचला.

ऑपरेटिंग सिस्टिमला प्रत्येक गोष्ट सांगावी लागते. फाइल उघड, त्यात लिही, बंद कर. दर वेळी ती एक आकडा परत देते. उणे एक आला तर काम झालेलं नाही असं समजायचं. नऊ वर्षांपूर्वी मी या सगळ्या सांगण्यांना, म्हणजे कॉल्सना, वरून आमची वेष्टनं घातली, रॅपर लिहिले, म्हणजे बाकीच्यांना जागोजागी आकडे तपासत बसायला नको. लिहिले तेव्हा अभिमान होता. अजूनही सगळं ऑ. त्यांच्यावरच चालतं.

उघडण्याचं उत्तर तपासलं आहे. लिहिण्याचं तपासलं आहे. बंद करण्याचं उत्तर घेतलं आणि टाकून दिलं. शेजारी माझीच टीप आहे, रोमन अक्षरांत, हिंदीत, सगळ्यांना कळावी म्हणून:

जवाब की ज़रूरत नहीं.

तेव्हाचं माझं म्हणणं आठवतं. फाइल बंद झाली नाही असं कळलं तरी कोण काय करणार? ती पुन्हा बंद करता येत नाही. मग ते उत्तर कोणाला हवं?

पण ऑ.तल्यासारखी नेटवर्कवरची डिस्क लिहिताना हो म्हणते, सामान हातात धरून ठेवते, आणि ठेवायला जागा नाही हे बंद करताना सांगते. मला हे माहीत होतं. पुस्तकात खाली रेघ मारलेली आहे, माझ्याच पेन्सिलीची.

आणखी एक. तपासणीच्या टूलने तेव्हा पिवळी ओळ दाखवली होती, की उत्तर वापरलेलं नाही. ती ओळ दिसू नये म्हणून मी कॉलच्या आधी कंसात 'व्हॉइड' लिहिलं. त्याचा अर्थ, हे उत्तर मी जाणूनबुजून टाकते आहे. म्हणजे विसरले असं म्हणायची सोयसुद्धा मी ठेवलेली नाही.

९ मार्चला उणे एक आला असणार. आला आणि

१६ सप्टेंबर, सोमवार

सरांना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"क्लाइंट का तो कुछ नहीं गया न?"

नाही म्हटलं, चाचणी होती. क्लाइंटच्या वेळी डिस्क भरलेली नव्हती. नशीब, दुसरं काही नाही.

"तो ठीक करके डाल दीजिए. और अंकल जी से कह दीजिए कार्ड ख़राब हो गया. बुज़ुर्ग आदमी हैं, उन्हें रैपर क्या समझाएँगी?"

सर वाईट माणूस नाहीत. मला सोपं व्हावं म्हणूनच म्हणाले.

घरी आले तर काकांचं दार उघडं. आत दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या, मधे स्टूल, स्टुलावर काकूंनी भरलेला रुमाल. मशीन ठेवायला.

"आणली?"

म्हटलं, फाइल जुनी आहे, काढायला थोडा वेळ लागतो.

"लागू दे. मी कुठं जाऊन राहिलो?"

खोटं बोलले. इथे लिहून ठेवते, म्हणजे निदान या वहीत तरी ते खोटं म्हणून राहील.

१७ सप्टेंबर, मंगळवार

दिवसभर रॅपर. रश्मीशी वाद. माझं म्हणणं होतं, आता प्रत्येक रॅपरने प्रत्येक उत्तर वर पाठवायचं, काही टाकायचं नाही.

"दीदी, ये तो बदला लेना हुआ. जो रैपर ख़ुद निपटा ले, वो ऊपर क्या लौटाए? हर जगह शून्य लौटेगा, लोग देखना ही बंद कर देंगे. फिर वही होगा."

बरोबर आहे तिचं. चूक झाली की प्रोग्राम तिथेच थांबवणारा रॅपर असेल, तर त्याने काही परत देण्यात अर्थ नाही. थांबवत नसेल तर त्याने उत्तर जसंच्या तसं वर द्यावं, ज्याला पुढचं काम करायचं आहे तो ठरवेल. या दोन्ही रीती चांगल्या. माझा रॅपर दोन्हींपैकी काही करत नव्हता. तो ऐकून घेत होता आणि गप्प बसत होता.

काही उत्तरं खरंच नको असतात. पडद्यावर किती अक्षरं छापली, कोण विचारतं. नुसती वाचलेली फाइल बंद झाली की नाही, त्याने काही बिघडत नाही. यादी करायला घेतली: खरोखर नको असलेली, आणि आल्यावर काय करावं हे सुचलं नाही म्हणून मी नको म्हटलेली. पहिली यादी लवकर संपली.

१८ सप्टेंबर, बुधवार

काका जिन्यात भेटले नाहीत. मीच वेळ बदलली आहे, सव्वानऊऐवजी पावणेनऊला निघते.

रेकॉर्डिंग नाही तर नाही, मी तर समोर बसले होते. मला आठवायला हवं. दुपारी डबा खाताना कागद घेऊन बसले.

आठवतं ते असं: काकूंनी जांभळं पातळ नेसलं होतं, ठेवणीतलं, आवाजाच्या चाचणीसाठी. तुमसरहून लग्न होऊन जबलपूरला आल्या त्या गाडीचं काहीतरी सांगितलं. गाडी कुठेतरी खूप वेळ उभी होती. कुठे? का? कोणाच्या तरी हातून चहा सांडला. त्यांच्या की काकांच्या?

एवढंच.

मी आवाजाची पातळी पाहत होते. हिरवा, पिवळा, लाल. अठ्ठावन्न मिनिटं माझ्या समोर बसून एक बाई बोलली आणि मी पडद्यावरची पट्टी पाहिली.

हे मात्र स्वच्छ आठवतं. सुरुवातीलाच त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हुंकार देत जा वो. नाही त मले वाटते भिंतीशी बोलून राहिले." माझी आई गोष्ट सांगायची तेव्हा मी हुंकार द्यायला विसरले तर गोष्ट तिथेच थांबायची. मला ते ठाऊक होतं. पण माझा आवाज रेकॉर्डिंगमध्ये आला असता. मी ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली. काकू मोठ्याने हसल्या. "अच्छा, शाळा आहे," म्हणाल्या. आणि पुढे बोलत राहिल्या, हुंकाराशिवाय.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज एक वाक्य तयार केलं. "काकू म्हणाल्या, यांच्यासारखा माणूस मिळाला म्हणून निभावलं." दोनदा मनात म्हणून पाहिलं. काकूंच्या बोलीत म्हणून पाहिलं. अगदी त्यांचंच वाटतं. काकांना पटेल. त्यांना आयुष्यभर पुरेल.

त्या असं म्हणाल्याही असतील. मला माहीत नाही, म्हणजे त्या म्हणाल्या नाहीत हेही मला माहीत नाही.

वाक्य खोडलं. वरून इतकं गिरवलं की मागच्या पानावर उमटलं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

सांगितलं.

ऑ.तून आल्यावर, चपला न काढता. खुर्च्या तशाच होत्या. कार्ड खराब झालं असं म्हणायचं नाही हे जिन्याच्या खालच्या पायरीवर पक्कं केलं होतं, तरी पहिलं वाक्य "काका, ते कार्ड" असंच निघालं. थांबले. मग म्हटलं, कार्ड चांगलं आहे, चूक माझी आहे.

"म्हणजे नेमकं काय केलं तू?"

सांगितलं. डिस्क, जागा, बंद करणं, उत्तर. काका फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते, चौतीस वर्षं माप तपासायचं गेज हातात. उजव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून डावा कान माझ्याकडे करून बसले होते. शेवटी म्हणाले,

"म्हणजे गेज लावला."

"हो."

"नो-गो आला. माल नापास."

"हो."

"अन् पाह्यलं नाही."

"पाहायचं नाही असं ठरवून ठेवलं होतं, काका. नऊ वर्षांपूर्वी."

"मंग गेज लावलाच काहून?"

त्यांनी स्टुलावरचा रुमाल उचलला, चार घड्या केल्या, कपाटात ठेवला. कपाटाचं दार नीट लागत नाही, ते दोनदा लावलं.

"तू तिथं होती ना पण," म्हणाले. "काय बोलली ती? माह्याबद्दल काही बोलली?"

कालचं वाक्य तोंडात तयार होतं. म्हटलं, मी ऐकत नव्हते, काका. मी मशीन पाहत होते.

"चलो," काका म्हणाले. कोणाला उद्देशून ते कळलं नाही. मी उठले.

२१ सप्टेंबर, शनिवार

खालचं दार बंद. दूधवाल्याने पिशवी कडीला अडकवून ठेवली होती, दहा वाजता आत गेली.

२२ सप्टेंबर, रविवार

तेच. रेडिओ नाही. एकदा बादलीचा आवाज आला.

खरं सांगून मी कोणाचं भलं केलं? माझं. आता मला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटत नाही, आणि तसं वाटायला हवं होतं या अपेक्षेचीही लाज वाटते. सरांचं ऐकलं असतं तर काका कार्डावर रागावले असते. कार्डाला काय.

२३ सप्टेंबर, सोमवार

चाचणीची कागदांची फाइल चाळताना एक कागद सापडला. ९ मार्चचा, माझ्या अक्षरात. विसरलेच होते. चाचणीत दर वेळी लिहायचा असतो, किती मिनिटांना आवाज कसा होता.

४ मि. – हसल्या. लाल.
१३ मि. – कुकरची शिट्टी.
२७ मि. – आवाज खाली. माईक जवळ केला.
४१ मि. – काही नाही. वायर तपासली. ३ मि.
४४ मि. – पुन्हा ठीक.
५८ मि. – बंद.

शिल्लक आहे ते एवढंच. काय बोलल्या ते सोडून सगळं.

द्यावा की नाही? जखमेवर जखम. पण तो माझ्याकडे ठेवायचा हक्क मला कोणी दिला? संध्याकाळी दाराच्या फटीतून सरकवला आणि वर आले. दार वाजवायचं धाडस झालं नाही. पायरीवर क्षणभर थांबून ऐकलं. काही नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी काकाच वर आले. गुडघ्यांमुळे ते दोन वर्षांत वर आलेले नाहीत. दारात धापा टाकत उभे, हातात कागद, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली.

"हे एक्केचाळीसचं काय आहे?"

म्हटलं, आवाज येईना. तीन मिनिटं. वायर सैल झाली वाटलं.

"होती का सैल?"

"नाही."

"म्हणजे ती गप्प होती."

"हो."

"अन् तू?"

"वायर पाहत होते."

बसले. पाणी दिलं, प्यायले नाहीत. कागदावर बोट ठेवून हिशेब करायला लागले, मला सांगत नव्हते, स्वतःशीच. मी चारला निघालो. तुनं सुरू केलं असंन सव्वाचारच्या मागंपुढं. मंग एक्केचाळीस म्हणजे पाच. पाचला नळ येते.

"नळ आला होता?"

आठवलं. आठवलं म्हणजे आत्ता, त्यांनी विचारल्यावर. मोरीत बादलीत पाणी पडल्याचा आवाज होता. मला वाटलं होतं, हा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येईल, दार लावावं का.

"उठली नाही ती?"

"नाही, काका. बसून होत्या."

काकांनी कागद मांडीवर ठेवला.

"त्या दिवशी पाणी भरलं नव्हतं तिनं. एक बादली फक्त, अर्धी. मी आलो अन् बोललो तिले. म्हटलं, दिवसभर घरी राहून इतकं नाही होत? कापडही मी चुकीचं आणलं होतं, पांढरं. त्याच्यावर ती काही बोलली नाही. पाण्याचंही काही बोलली नाही. मले वाटलं, चलो, ऐकून घेतलं."

उठले. जिना उतरताना मी हात पुढे केला, तो धरला. तेवढं केलं त्यांनी.

कापड अजून आहे म्हणाले. कपाटात.

२५ सप्टेंबर, बुधवार

रश्मीला कागदाचं सांगितलं. ती आपल्या टेबलावर गेली. अर्ध्या तासाने आली.

"दीदी, कार्ड कौन सा था?"

मशीनबरोबर आलेलं पहिलं, निळं. ते अजून वापरात आहे, एका क्लाइंटकडे. कार्ड पुसलं म्हणजे फक्त नाव पुसलं जातं, मजकूर वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच पडून असतो. पण मार्चपासून त्यावर किती वेळा लिहिलं गेलं असेल.

"बहुत बार," रश्मी म्हणाली. "फिर भी मँगवा लेती हूँ. आप उम्मीद मत रखना. मैं भी नहीं रख रही."

काकांना सांगायचं नाही. एकदा आशा लावून खाली आपटलं आहे.

नाही. पुन्हा तेच करते आहे. त्यांच्यासाठी काय नको हे पुन्हा मीच ठरवते आहे.

संध्याकाळी सांगितलं. नीट सांगितलं, बहुतेक काही मिळणार नाही असं. "बरं," म्हणाले. पोळी भाजत होते. एका बाजूने करपत होती, ते मी सांगितलं तर म्हणाले, "मले दिसून राहिलं."

२६ सप्टेंबर, गुरुवार

नवीन रॅपर सगळीकडे बसवला. फाइल बंद करण्याचं उत्तर आता वर जातं, आणि उणे एक असेल तर कार्डाला हात लागत नाही. मुद्दाम भरलेल्या डिस्कवर चालवून पाहिलं. थांबला. कार्ड शाबूत. पडद्यावर लाल ओळ.

मीठ आणि तांदूळ आणायचे.

रॅपरमधला हा बदल करायला दोन तास लागले. नऊ वर्षांत हे दोन तास कधीच

जुनी टीप पुसली नाही. खाली तारीख घालून एक ओळ लिहिली, की हे चूक होतं. रश्मीने वाचली. "नाम भी डालिए," म्हणाली. घातलं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

निळं कार्ड आलं. रश्मीने दुपारभर खरवडलं. बाकी सगळं नव्या रेकॉर्डिंगांनी भरलेलं आहे. एका कोपऱ्यात एक तुकडा आहे, कोणत्याच फाइलचा नाही. बावन्न सेकंद. खरखर फार.

"माणसाचा आवाज आहे की नुसती खरखर, एवढंच पाहिलं," असं काहीसं ती हिंदीत म्हणाली, हेडफोन काढून ठेवत. "कोई औरत है, दीदी. दो सेकंड सुना, फिर बंद कर दिया. मराठी है कि नहीं, पता नहीं."

त्या कार्डावर नंतर क्लाइंटकडच्या बायकाही बोलल्या आहेत. दुसऱ्याच कोणाचा आवाज असेल.

मग मी आधी ऐकायचं का? ऐकलं, आणि काकूंचा निघाला, तर ज्याला ऐकवायला सांगितलं होतं त्याच्या आधी मी ऐकला. न ऐकता नेला, आणि परक्या बाईचा निघाला, तर त्या माणसासमोर काय तोंड घेऊन बसू? आणि त्या परक्या बाईचं काय, तिचं बोलणं मी कोणालाही ऐकवू शकते का?

रश्मीला विचारलं.

"मुझसे मत पूछिए. उनसे पूछिए जिनका है."

२८ सप्टेंबर, शनिवार

सकाळी खाली गेले, लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन. सगळं सांगितलं. बावन्न सेकंद, खरखर, बाईचा आवाज, काकूंचा असेल किंवा नसेल. दुसऱ्या कोणाचा निघाला तर लगेच काढून ठेवायचा आणि तो विषय तिथेच संपवायचा. मी ऐकलेला नाही. म्हणाल तर आधी ऐकून सांगते.

काकांनी स्टूल पुढे ओढलं. कपाटातून रुमाल काढून त्यावर अंथरला.

"गेज मी लावतो," म्हणाले.

हेडफोन त्यांना घट्ट झाला. चष्म्याची दांडी अडकली, दोरा सुटला, मी पुन्हा बांधून दिला. मग लॅपटॉपचा पडदा पूर्ण त्यांच्याकडे वळवला. पट्टी तिकडेच हलत असणार, माझ्या बाजूला नुसतं झाकण. बटण कुठलं ते दाखवलं.

ते डोळे मिटून बसले. मी समोरच्या खुर्चीत. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मोरीत नळ ठिबकत होता. कपाटाचं दार पुन्हा उघडलं होतं, आत खालच्या खणात पांढऱ्या कापडाची घडी दिसत होती, दुकानाच्या कागदासकट.

काका म्हणाले, "हं."

मी वर पाहिलं. डोळे मिटलेलेच. मला म्हणाले नव्हते.

जरा वेळाने पुन्हा, "हं."

बावन्न सेकंद संपले असतील. त्यांनी हेडफोन काढला नाही. त्यांचा उजवा कान अधू, वर ती खरखर. काय ऐकू आलं असेल, काही आलं असेल का. त्यांनी चाचपडत बटण शोधलं. सापडेना, तेव्हा मी त्यांचं बोट धरून त्यावर ठेवलं.

पुन्हा सुरू झालं असावं. काकांनी डाव्या कानावरचा हेडफोन हाताने दाबून धरला.

"हं," म्हणाले. मग थांबले, वाट पाहिल्यासारखे.